एझ्राभाऊंची दहा माणसं

एझ्राभाऊ वावेकर मला पहिल्यांदा भेटले ते आमच्या बिल्डिंगच्या बेसमेंटमध्ये, लाँड्री रूममध्ये. टोरोंटोच्या नॉर्थ यॉर्कात राहायला येऊन मला जेमतेम महिना झाला होता. हॉस्पिटलच्या किचनमध्ये दिवसभर उभं राहून पाय भरून आलेले, आणि त्यात तो ड्रायर काही केल्या थांबायला तयार नाही. मी त्याला मराठीत शिव्या घालत होते. "मेल्या, थांब की आता! किती गरगर फिरशील?"

तेवढ्यात मागून आवाज आला, "वहिनी, डाव्या अंगाला एक लाथ घाला. इंग्रजीत सांगून ऐकत नाही तो, मराठीत कुठला ऐकायला?"

मी दचकून वळले. ठेंगणेसे, सावळे गृहस्थ, डोक्यावर लोकरीची टोपी, हातात चादरींची टोपली. गाव विचारलं तर म्हणाले, "अलिबागकडचा. वावे." मी नागावची. नाव एझ्रा आणि आडनाव वावेकर ऐकल्यावर माझ्या तोंडून निघून गेलं, "अगंबाई, म्हणजे तुम्ही शनवारतेली की काय?" आणि मग जीभ चावली. आमच्या भागात बेने इस्रायल लोकांना, म्हणजे कोकणातल्या ज्यूंना, जुनी माणसं असंच म्हणायची. तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी बंद ठेवायचे, म्हणून शनवारतेली. ते ऐकून राग येणारेही असतात.

एझ्राभाऊंना राग आला नाही. टोपली तिथंच टाकून ते जिन्याकडे धावले आणि वरच्या मजल्यावरच्या बायकोला हाका मारायला लागले. "मलका! अगं मलका, खाली ये! ह्यांनी मला ओळखलं!" परत आले तेव्हा धापा टाकत होते. "इथं ज्यू आहे म्हटलं की लोक माझ्या रंगाकडे बघतात. इंडियन आहे म्हटलं की दिवाळीच्या शुभेच्छा देतात. तुम्ही एका दमात ओळखलंत हो."

मग पायरीवर वर्तमानपत्र पसरलं आणि म्हणाले, "जरा टेकतो. थकलो."

थकलो हा त्यांचा रोजचा शब्द. कामावरून आले की थकलो, सकाळी उठले की थकलो. एका विमा कंपनीच्या ऑफिसात कागद लावायचं काम होतं, अंगात ताकद बेताची, आणि हाताला कसलीच कला नाही. खिळा ठोकायला गेले की अंगठा ठोकायचे. पण कुणाचं सामान हलवायचं असो, कुणाला विमानतळावरून आणायचं असो, कुणाच्या ड्राइव्हवेवरचा बर्फ शोव्हल करायचा असो, एझ्राभाऊ हजर. कुरकुरत येणार, कुरकुरत काम करणार, मधे चारदा टेकणार, आणि काम संपेपर्यंत जाणार नाहीत. मलकाबाई म्हणायच्या, "देवानं ह्यांना हाडं दिली चार आणि कामं दिली चाळीस. मी काय बोलू?" आणि मग बोलतच सुटायच्या.

त्या दोघांच्या घरी मी शुक्रवारी संध्याकाळी जायला लागले. आमचे हे शिफ्ट ड्यूटीवर, घर खायला उठायचं. मलकाबाई दिवे लावायच्या, एझ्राभाऊ प्रार्थना म्हणायचे. त्यांची ती चाल ऐकली की मला आमच्याकडच्या कीर्तनाची आठवण यायची, शब्द एक कळत नसला तरी. एकदा मी सहज विचारलं, "भाऊ, बाथर्स्ट स्ट्रीटवर तुमची एवढी मोठी देवळं आहेत, तिथं नाही का जात?"

"जातो ना." ते सावकाश म्हणाले. "बसायला जागा देतात, पुस्तक देतात. पण मोजत नाहीत."

मला काही उलगडा होईना. तेव्हा त्यांनी समजावलं. त्यांच्यात पूर्ण प्रार्थना सुरू व्हायला किमान दहा पुरुष लागतात. नऊ असले तर थांबायचं. आणि त्या देवळातल्या काही जुन्या मंडळींना शंका होती, की हे कोकणातले, मराठी बोलणारे, शतकानुशतकं बाकीच्यांपासून तुटलेले लोक, हे खरोखर आपलेच का? तोंडावर कुणी काही म्हणत नसे. फक्त दहा माणसं भरायची तेव्हा एझ्राभाऊंना सोडून भरायची.

"आमच्या गावच्या मशिदीत बाबा प्रार्थना चालवायचे," ते म्हणाले. बेने इस्रायल लोक आपल्या देवळाला मशीदच म्हणतात. "सगळे इस्रायलला गेले, आणि शेवटी आम्ही नऊ उरलो. मशिदीला कुलूप लागलं. आता बघा वहिनी, गावाला मशीद आहे, पण दहा माणसं नाहीत. इथं दहा माणसं आहेत, पण त्यात मी नाही. मला एकदा, फक्त एकदा, धरावं कुणीतरी. मग मी सुखानं टेकतो."

मलकाबाई आतून ओरडल्या, "मला तर जन्मात कुणी मोजलं नाही! बाईमाणूस मी! मी काही रडत बसले का?" आम्ही हसलो, पण एझ्राभाऊ हसले नाहीत.

त्याच देवळातल्या मिस्टर ग्रीन नावाच्या एका दुकानदारानं एक मोहीम काढली होती. खाली कॅरिबियन समुद्रात एका छोट्या बेटावर ज्यू लोकांचं जुनं प्रार्थनाघर होतं. वस्ती कधीच उठून गेलेली, वादळानं छप्पर नेलेलं. दर हिवाळ्यात टोरोंटोहून स्वयंसेवक नेऊन ते पुन्हा उभं करायचं, असा बेत. सुट्टी आपली, कष्ट आपले. एझ्राभाऊंनी पहिल्याच दिवशी नाव दिलं.

"अहो, तुम्हांला करवत धरता येते का?" मी विचारलं.

"ओझं उचलता येतं. आणि भर समुद्रात माणसं कुठून आणणार हो ते? तिथं धरतीलच मला."

स्वयंपाकाला माणूस हवं होतं. मलकाबाईंनी मलाही ओढलं. आमचे हे म्हणाले, "जा, उन्हात जा, तुझी चिडचिड तरी कमी होईल." मी गेले, पण चिडचिड वाढलीच.

बेट म्हणजे स्वर्ग, असं ज्यांना वाटतं त्यांनी तिथं गवंड्याच्या हाताखाली काम करून बघावं. सूर्य डोक्यावर, घामानं कपडे अंगाला चिकटलेले, चुन्यानं हात फाटलेले, आणि संध्याकाळी डास. पहिले दोन दिवस सगळे गाणी म्हणत होते. तिसऱ्या दिवसापासून पाणी कुठं आहे, याखेरीज कुणी कुणाशी बोलत नव्हतं. एझ्राभाऊंना वाळू चाळायचं काम मिळालं. माडाच्या झावळीखाली बसून ते दिवसभर चाळण हलवायचे. पांढऱ्या वाळूचा थर केसांवर, भुवयांवर, मिशीवर. तासातासाला हाक यायची, "मलका, थकलो गं!" आणि मलकाबाई चुलीपासून ओरडायच्या, "मग कशाला आलात? घरी बसून थकायचं होतं!"

मिस्टर ग्रीन उंच, गोरे, अतिशय सभ्य. कधी आवाज चढला नाही त्यांचा. मला त्यांचा राग यायचा तो नेमका ह्याच्यासाठी, भांडायला जागाच ठेवत नसत. पहिल्या सकाळी एझ्राभाऊंनी स्टोव्ह पेटवून दिला. त्यांच्या नियमाप्रमाणे स्वयंपाक माझ्यासारखीनं केला तरी विस्तव त्यांच्यातल्या माणसानं पेटवावा लागतो. थोड्या वेळानं मिस्टर ग्रीन आले, मला "एक्स्क्यूज मी" म्हणाले, स्टोव्ह विझवला आणि स्वतः पुन्हा पेटवला. एझ्राभाऊ दारातच उभे होते. ते तसेच वाळूकडे गेले.

"हे काय हो?" मी मिस्टर ग्रीनना विचारलं.

"ह्यांना धरायचं का, ते मी टोरोंटोच्या धर्मगुरूंना विचारलंय," ते म्हणाले. "उत्तर येईपर्यंत मला सांभाळून वागलं पाहिजे. मला ते आवडत नाही, विश्वास ठेवा."

मी विश्वास ठेवला, त्यानं काय फरक पडणार होता? पण मला वाटतं त्या आठवड्यात ते विरघळत होते. एझ्राभाऊंच्या शेजारी बसून पाणी प्यायचे, त्यांच्या बाबांबद्दल विचारायचे. शुक्रवारी त्या भिंतींमध्ये पहिली प्रार्थना व्हायची होती आणि एझ्राभाऊंना धरूनच दहा पुरुष होते. गुरुवारी छपराचा मुख्य वासा चढला. मिस्टर ग्रीननी एझ्राभाऊंच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "उद्या, मिस्टर वावेकर." बस्, एवढंच. एझ्राभाऊ हवेत!

आणि तिथंच घोटाळा झाला. आनंद झाला की बेने इस्रायल माणूस काय करतो? मलिदा करतो. घरात लग्न ठरो, आजारी माणूस उठो, नवस फिटो, एलियाहू नबी ह्या त्यांच्या प्रेषिताच्या नावानं मलिदा. भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची, वर पाच तऱ्हेची फळं, मधे फूल. हे त्यांच्या हाडात इतकं भिनलेलं, की जगातले सगळे ज्यू मलिदा करत नसतील असं त्या दोघांच्या स्वप्नातही आलं नाही. मलकाबाईंनी पोहे टोरोंटोतच जेरार्ड स्ट्रीटवरच्या देशी दुकानातून घेऊन बॅगेत घालून आणलेच होते, नारळ बेटावर पडीक. एझ्राभाऊंनी स्वतः खोबरं खवलं, कुंपणावरची जास्वंद खुडून आणली आणि ते ताट नव्या वाशाखाली नेऊन ठेवलं. मोठ्यानं प्रार्थना म्हणाले, डोळे मिटून.

डोळे उघडले तेव्हा सगळे ताटाकडे बघत उभे होते.

"हे कुणाला?" एका दातांच्या डॉक्टरांनी विचारलं. तेही स्वयंसेवकच.

"एलियाहू नबीला!" एझ्राभाऊ उत्साहानं म्हणाले. "आमच्याकडे येऊन गेले ते. अलिबागजवळ खडकावर त्यांच्या रथाच्या चाकाची खूण आहे. मी त्यांना नवस बोललो होतो, उद्यासाठी. घ्या ना, सगळ्यांनी घ्या."

दोघातिघांनी फळं घेतली. पोह्यांना कुणी हात लावला नाही. मिस्टर ग्रीन त्या फुलाकडे बघत होते, आणि मला त्यांच्या कपाळावरची आठी दिसली. मला सगळं कळलं. फूल, फळं, ताट, नवस, त्यांना हे सगळं माझ्या धर्मातलं वाटलं असणार. एझ्राभाऊंना मात्र काही कळलं नाही. ते वाटतच राहिले.

शुक्रवारी संध्याकाळी सगळे आंघोळी करून, स्वच्छ शर्ट घालून उभे राहिले. त्यांच्यात माणसं आकड्यांनी मोजत नाहीत. दहा शब्दांचं एक वचन म्हणतात, एकेका माणसाकडे बघत एकेक शब्द. मिस्टर ग्रीन म्हणत गेले. नववा शब्द झाला आणि थांबले. एझ्राभाऊ भिंतीकडचे शेवटचे. मिस्टर ग्रीन खाली बघत म्हणाले, "आपण ज्याची त्याची प्रार्थना म्हणू या."

एझ्राभाऊ बाहेर येऊन माझ्याशेजारी बसले. मी म्हटलं, "उद्याचं विमान बघू या. खड्ड्यात गेली ती वाळू!"

"वाळूनं काय केलंय वहिनी?" ते म्हणाले. "चाळायची राहिलीय अजून." रविवारी सकाळी पुन्हा चाळण घेऊन बसले.

त्यानंतर ते दर हिवाळ्यात गेले. मी मधली काही वर्षं गेले नाही, मला जमलं नाही आणि खरं सांगायचं तर सोसवलं नाही. मोहिमेचाही उत्साह आटत चालला होता. एका वर्षी वादळानं अर्धं छप्पर पुन्हा नेलं. नवे लोक एकदा जात आणि फोटो काढून येत. एझ्राभाऊ परत आले की मी विचारायची, "आलं का टोरोंटोचं उत्तर?" ते म्हणायचे, "विचारलंय म्हणे." मलकाबाई म्हणायच्या, "देवाला विचारलं असतं तर एव्हाना त्यानंही सांगितलं असतं!"

मग मिस्टर ग्रीनचे वडील वारले. फेब्रुवारीतलं बर्फाचं वादळ, बसेस बंद, रस्ता कुठला आणि फुटपाथ कुठला कळत नाही. त्यांच्यात सुतकाचे सात दिवस लोक घरी जाऊन प्रार्थना करतात, आणि मुलगा बापासाठी कद्दीशची प्रार्थना म्हणतो. त्यालाही दहा पुरुष लागतातच. एझ्राभाऊ कोट चढवून निघाले. "ह्या हवेत तिथं दहा जमणार नाहीत," म्हणाले. मलकाबाईंचा गुडघा धरलेला, म्हणून त्यांनी मला पिटाळलं. उकडलेल्या अंड्यांचा डबा कोटात धरून मी त्यांच्या मागून चालले. वाटेत ते तीनदा टेकले.

दार उघडलं तेव्हा आत मिस्टर ग्रीन धरून नऊ जण होते. एझ्राभाऊंना बघून सगळ्यांचे चेहरे उजळले, आणि मग सगळे मिस्टर ग्रीनकडे वळले. ते सुतकाच्या रिवाजाप्रमाणे बुटक्या स्टुलावर बसले होते, शर्टाची कॉलर फाडलेली, डोळे सुजलेले. उठले, एझ्राभाऊंचा कोट स्वतः काढून घेतला. "इतक्या लांब चालत आलात," म्हणाले. "थँक यू." आणि परत जाऊन दाराकडे डोळे लावून बसले. आणखी कुणी आलं नाही. कद्दीश झाला नाही.

निघताना एझ्राभाऊंनी त्यांचा ड्राइव्हवे शोव्हल केला. परतताना माझ्या तोंडाचा पट्टा सुटला होता. "दगड आहे तो माणूस, दगड! बापासाठीसुद्धा त्याला..."

"वहिनी, गप्प बसा हो." असं ते मला त्या एकदाच म्हणाले. "बाप त्याचा होता. माझ्यापेक्षा त्याचं जास्त गेलं आज."

शेवटच्या वर्षी मी पुन्हा गेले, कारण एझ्राभाऊंना हार्ट अटॅक येऊन गेला होता आणि मलकाबाई एकट्या धजत नव्हत्या. डॉक्टरांनी ओझं उचलायला बंदी केली होती. ते खुर्चीत बसून वाळू चाळायचे, मधेच डोळा लागायचा, चाळण मांडीवर तशीच. त्या आठवड्यात इमारत पुरी झाली. पांढऱ्या भिंती, निळी दारं, बाकं. शुक्रवारी पुऱ्या इमारतीतली पहिली प्रार्थना. ह्या खेपेला मिस्टर ग्रीन धरून दहा पुरुष आले होते आणि एझ्राभाऊ अकरावे.

संध्याकाळी शर्टाची बटणं लावत ते मला म्हणाले, "बरं झालं, माझ्यावाचून भागतंय. आता कुणाला काही ठरवायला नको." चेहऱ्यावर राग नव्हता, काहीच नव्हतं. मला त्या वेळी जितकं वाईट वाटलं तितकं पहिल्या वर्षीही वाटलं नव्हतं. इतकी वर्षं वाळू चाळून माणसानं शेवटी असं म्हणावं!

ते आत जाऊन पहिल्या बाकावर बसले, समोर तोंड करून. मलकाबाई मागं बायकांच्या बाकावर. मी बाहेर पायरीवर बसले. सगळे आत गेल्यावर मिस्टर ग्रीन दारापाशी आले, त्या दातांच्या डॉक्टरांच्या कानात काहीतरी बोलले आणि बाहेर येऊन माझ्या शेजारी पायरीवर बसले. इस्त्रीची पँट, पायरीवर चुना, तसेच बसले.

"मिस्टर ग्रीन, सुरू होतंय," मी म्हटलं.

"हो."

"मग तुम्ही इथं काय करताय?"

"मी आत गेलो तर ते अकरा होतील," ते म्हणाले. "आता दहा आहेत."

मला समजायला एक क्षण लागला. ते बाहेर, म्हणजे आत एझ्राभाऊंना धरूनच दहा. एझ्राभाऊंना न धरता प्रार्थना सुरूच होऊ शकत नव्हती. मी वळून बघितलं. डॉक्टर पुढं उभे होते. त्यांनी एकदा दाराकडे पाहिलं, एकदा एझ्राभाऊंच्या टोपीकडे, आणि सुरुवात केली.

"टोरोंटोचं उत्तर आलं का?" मी विचारलं.

"नाही," ते म्हणाले. "मी वाट बघून थकलो." मग म्हणाले, "त्या वादळात ते माझ्या वडिलांसाठी आले होते." आणि रुमाल काढला. मी त्या माणसाला वर्षानुवर्षं मनात शिव्या दिल्या होत्या. आता त्यांच्या शेजारी बसून माझेही डोळे वाहायला लागले. आतून "आमेन" आलं की तेही पायरीवरून हळूच म्हणायचे.

प्रार्थना संपली. मलकाबाईंचा हात धरून एझ्राभाऊ बाहेर आले आणि पायरीपाशी थबकले. "अहो मिस्टर ग्रीन, तुम्ही इथं? बरं नाही का?" ते मागं वळून बाहेर येणाऱ्यांकडे बघायला लागले. बघता बघता चेहरा गोंधळला. मराठीतच मलकाबाईंना म्हणाले, "अगं, मग आत दहावा कोण होता?"

"तुम्ही हो!" मलकाबाई रडत ओरडल्या. "तुम्ही होतात!"

एझ्राभाऊ मिस्टर ग्रीनकडे बघत राहिले. मग ते लहान मुलासारखे म्हणाले, "आधी सांगायचं नाही का? मी तर जास्तीचा आहे म्हणून निम्मं पुटपुटतच म्हटलं. दमलो होतो गं. नीट म्हटलं असतं मी."

आणि कुणी काही म्हणायच्या आत ते पुन्हा आत गेले. रिकाम्या बाकांसमोर ताठ उभे राहिले आणि पहिल्यापासून, एकटेच, आपल्या बाबांच्या चालीत, खणखणीत आवाजात म्हणायला लागले. मिस्टर ग्रीननी मला हातानं खूण केली, जेवण थांबू दे. आम्ही सगळे पायरीवर बसून राहिलो, आणि तिकडे स्वयंपाकघरात भात गार होत होता.